पानिपतच्या ताटातलं पाणी

हिवाळ्यात पानिपतच्या भाजीबाजारात बथुव्याच्या जुड्यांचे ढीग लागतात. आपला चाकवत तो हाच. आपण त्याची ताक आणि डाळीचं पीठ लावून पातळ भाजी करतो. तिकडे तो उकडून दह्यात कालवतात, पराठ्याच्या कणकेत मळतात, मोहरीच्या पाल्याबरोबर घोटून त्याचा साग करतात. हा चाकवत बहुतेक वेळा कुणी पेरलेला नसतो. गव्हाला पहिलं-दुसरं पाणी दिलं की सऱ्यांमधून तो आपोआप वर येतो. कृषी खात्याच्या पुस्तकात त्याची गणना तणांत होते. घरातल्या बाया मात्र खुरपणीच्या निमित्ताने तो तोडून आणतात आणि एकाच शेतातून भाकरी आणि भाजी दोन्ही निघते.

निदान निघत असे. हरियाणाच्या गव्हात मंडूसी नावाचं एक गवत माजतं. कोवळेपणी ते हुबेहूब गव्हासारखं दिसतं, त्यामुळे हाताने उपटणं अवघड. त्यावर आयसोप्रोट्युरॉन हे तणनाशक वर्षानुवर्षं फवारलं गेलं आणि १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला मंडूसी त्याला दाद देईनाशी झाली. मग नवी तणनाशकं आली, रुंद पानांच्या तणांसाठी वेगळी आली, आणि या लढाईत चाकवत हकनाक मेला. आता तो मिळतो तो बांधावर, पाटाच्या कडेला किंवा फवारा न बसलेल्या तुकड्यात. फुकटच्या पालेभाजीला बाजारभाव आला तो असा.

‘जवळचं खा, नैसर्गिक खा’ हा सल्ला हल्ली सगळीकडून मिळतो. सल्ला चांगलाच आहे, पण जवळचं म्हणजे काय, हे ठरवणं वाटतं तितकं सोपं नाही. पानिपतच्या शिवारात उभं राहिलं की ते जास्तच अवघड होतं.

पानिपत म्हटल्यावर मराठी वाचकाच्या मनात जे येतं त्यातही अन्नाचा मोठा वाटा आहे. १७६० च्या नोव्हेंबरच्या आरंभी मराठी फौजेचे सेनापती भाऊसाहेब यांचा तळ इथे पडला. त्याआधी कुंजपुरा घेतल्यावर धान्याचा साठा हाती आला होता, पण लाखाच्या घरातली माणसं आणि हजारो जनावरं यांच्यापुढे तो किती दिवस पुरणार? दुआबातून रसद जमवायचं काम गोविंदपंत बुंदेल्यांकडे होतं. ते डिसेंबरात मारले गेले. पतियाळाच्या आला सिंगाकडून येणारं धान्यही पुढे आटलं. १४ जानेवारी १७६१ ला सैन्य बाहेर पडलं ते उपाशीपोटी. शौर्य, डावपेच आणि दगाफटका यांवर आपण भरपूर लिहिलं आहे, पीकपाण्याच्या अंगाने या मोहिमेकडे कमी पाहिलं. नोव्हेंबर ते जानेवारी या काळात या भागात खरिपाचं धान्य शेतातून निघालेलं असतं, म्हणजे ते गावाच्या कणगीत असतं आणि लष्कर आलं की लपवलं किंवा लुटलं जातं. रब्बीचा गहू हिरवा असतो, त्याची कापणी एप्रिलात. तळ दोन-अडीच महिने जिथे बसला तिथे नेमक्या त्याच दिवसांत शेतात हाती लागेल असं धान्य नसतं.

तेव्हा एका छावणीला पुरं न पडलेलं हेच शिवार आज केंद्राच्या गोदामांत गहू आणि तांदूळ ओततं आणि तो तांदूळ रेशनवर दूरदूरच्या राज्यांत पोचतो. मधल्या काळात काय बदललं? जास्त उत्पन्न देणारं बियाणं आणि खतं आली, सरकारी खरेदीची हमी आली. पण या सगळ्याच्या मुळाशी कूपनलिका आहे. पश्चिम यमुना कालवा जुनाच, फिरोजशहा तुघलकाच्या काळापासूनचा. मात्र कालव्याच्या पाण्याला पाळी असते आणि मर्यादाही असते. जमिनीखालून पाणी उपसणाऱ्या पंपाला नाममात्र दराची वीज मिळाली आणि मर्यादा उठली.

१९६६ मध्ये हरियाणा राज्य झालं तेव्हा तिथे भाताखाली दोन लाख हेक्टरांच्या आत क्षेत्र होतं आणि हरभऱ्याखाली दहा लाखांवर. आज भात तेरा लाख हेक्टरांच्या पुढे गेला आहे आणि हरभरा एक लाखाच्याही खाली आला आहे. दोन पिकांनी जागा बदलल्या, एवढ्यावर ही गोष्ट संपत नाही. हरभरा थंडीत जमिनीतल्या ओलीवर येणारं पीक आहे, एखादं पाणी दिलं तरी पुष्कळ. रोपणीचा भात उन्हाच्या तडाख्यात चिखल करून, पाण्यात उभा ठेवून वाढवायचा. किलोभर तांदळाला साधारण तीन ते पाच हजार लिटर पाणी लागतं. पानिपतला वर्षभरात पाऊस पडतो सातशे मिलिमीटरच्या आतबाहेर. कोकणात भात होतो तिथे तीन हजार मिलिमीटर पडतो. म्हणजे कोकणातला भात ढगातून येतो आणि पानिपतचा पाताळातून. जेवढं पाणी दरवर्षी जमिनीत मुरतं त्याच्या सव्वा ते दीडपटीच्या दरम्यान हरियाणा उपसतो. पानिपत जिल्हा तर राज्याच्या सर्वांत जास्त उपसा होणाऱ्या पट्ट्यांपैकी आहे.

यातली गंमत अशी की हा तांदूळ पिकवणारी घरं स्वतः मुख्यतः गव्हाची रोटी खातात. भात रोजच्या ताटात नसतो, पाहुण्यांसाठी किंवा सणाला होतो. तेव्हा पानिपतमधल्या एखाद्याने निष्ठेने जवळचंच खायचं ठरवलं आणि शेजारच्या शेतातला परमल (बिगर-बासमती) तांदूळ आणला, तर त्याने अंतर वाचवलं आणि पाणी उधळलं.

स्थानिक आहाराची आजची चळवळ मुळात अंतर मोजूनच सुरू झाली. २००५ मध्ये कॅनडातल्या व्हँकूव्हरच्या अलिसा स्मिथ आणि जे. बी. मॅकिनन या जोडप्याने वर्षभर शंभर मैलांच्या आत पिकलेलंच खायचा प्रयोग केला आणि तो जगभर गाजला. पुढे २००८ मध्ये क्रिस्टोफर वेबर आणि स्कॉट मॅथ्यूज या दोन अमेरिकी संशोधकांनी अमेरिकेतल्या अन्नाचा हिशेब मांडला. अन्नामुळे होणाऱ्या हरितगृह वायूंच्या उत्सर्जनातला सुमारे ८३ टक्के भाग ते पिकवण्यातच होतो आणि उत्पादकाकडून दुकानापर्यंतच्या वाहतुकीचा वाटा जेमतेम ४ टक्के, असं त्यांना आढळलं. आकडे अमेरिकेचे आहेत, जसेच्या तसे इकडे लागू होणार नाहीत. दिशा मात्र कळते: किती लांबून आलं याहून कसं पिकलं हे मोठं. पाण्याने भरलेल्या भातखाचरात प्राणवायूविना जगणारे जंतू मिथेन तयार करतात. तो काही ट्रकमधून निघत नाही.

हरियाणा सरकारला हे कळत नव्हतं असं नाही. २००९ मध्ये राज्याने कायदा केला की १५ जूनच्या आधी भाताची रोपणी करायची नाही. मे महिन्याच्या उन्हात खाचरातलं पाणी वाफ होऊन जातं, ते वाचावं हा हेतू. हेतू योग्यच होता. पण रोपणी पुढे गेली तशी कापणीही ऑक्टोबरात गेली आणि गव्हाची पेरणी नोव्हेंबरच्या पूर्वार्धात उरकायला हवी. मध्ये उरले जेमतेम तीन आठवडे. हार्वेस्टर कणसं कापून नेतं आणि शेतात फूटभर खुंट उभे ठेवतं. ते काढायला मजूर नाहीत, वेळ नाही, आणि काडेपेटी स्वस्त. दिल्लीच्या धुराला वाऱ्याचा वेग, गाड्या, कारखाने अशी इतरही कारणं आहेत. पण पराळीचा, म्हणजे या जाळलेल्या खुंटांचा, धूर नेमका ऑक्टोबर-नोव्हेंबरातच का दाटतो, याच्या उत्तराचा एक भाग या पाणी वाचवणाऱ्या कायद्यात आहे. एका जागी दाबलं की दुसरीकडे वर येतं.

पराळीवरचा मोठा सरकारी उपायही पानिपतलाच उभा राहिला. १० ऑगस्ट २०२२ ला इंडियन ऑइलच्या रिफायनरीजवळ भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल करणारा कारखाना सुरू झाला. खर्च नऊशे कोटींवर, आणि आखणी वर्षाला दोन लाख टन पेंढ्यातून तीन कोटी लिटर इथेनॉल काढण्याची. कल्पना चांगली आहे. पण पेंढा हलका आणि फुगीर असतो. तो तीन आठवड्यांत गोळा करून गठ्ठे बांधून वर्षभर साठवायचा, हे रसायनशास्त्रापेक्षा कठीण काम. शिवाय असा कारखाना उभा राहिला की त्याला दरवर्षी पेंढा लागणार, म्हणजे भातही लागणार. मला हे थोडं अडचणीचं वाटतं.

मग या जमिनीचं खरं अन्न कोणतं? उत्तर फार जुनं नाही, तिथल्या आज्या अजून ते रांधतात. गहू आणि हरभरा एकत्र पेरायची तिथे पद्धत होती, त्या मिश्रणाला गोचणी म्हणत. हवेत ७८ टक्के नत्र आहे, पण गव्हाला ते घेता येत नाही. हरभऱ्याच्या मुळांवरच्या गाठींतले जीवाणू ते पकडतात. हरभऱ्याला स्वतःपुरतं नत्र मिळतं, तो जमिनीतल्या नत्रावर हक्क सांगत नाही आणि मुळं कुजली की थोडं मागे ठेवूनही जातो. थंडी-पाऊस फिरला तर दोनपैकी एक पीक तरी हाती लागतं. दाणे वेगळे करायची कुणाला घाई नसे, तसेच दळायचे. त्याची रोटी चवीला खमंग आणि पोटाला टिकाऊ, कारण तृणधान्य आणि कडधान्य यांची प्रथिनं एकमेकांची उणीव भरून काढतात. आपल्याकडे ज्वारीत करडईचे पाटे घालतात, बाजरीत तूर किंवा मटकी टाकतात. तर्क तोच.

बाजरी पानिपतच्या मानाने दक्षिण आणि पश्चिम हरियाणात जास्त होते, पण ती खाण्यात सगळीकडे होती. उखळात ओलसर कांडून मुगाच्या डाळीबरोबर शिजवलेली तिची खिचडी हिवाळ्यात तूप घालून खातात. उन्हाळ्यात बाजरीचं किंवा जवाचं पीठ ताकात कालवून उन्हात आंबवायचं आणि शिजवून गार खायचं, ती राबडी. नाचणीची किंवा ज्वारीची आंबील प्यायलेल्याला ती अनोळखी वाटणार नाही. आंबवल्याने धान्यातलं फायटेट कमी होतं, लोह अंगी लागायला मदत होते आणि उन्हात राबणाऱ्याला पाणी, मीठ, ऊर्जा एका वाटीत मिळते. जिल्ह्यातल्या खंडरा गावचा नीरज चोप्रा ऑलिंपिकचं सुवर्णपदक घेऊन आला तेव्हा त्याच्या आवडत्या चुरम्याचं फार कौतुक झालं. चुरमा म्हणजे भाकरी किंवा रोटी कुस्करून तूप-गूळ घालून केलेला मलिदाच. तो ज्या रोड समाजातला, त्या समाजातले अनेक जण स्वतःला पानिपतानंतर मागे राहिलेल्या मराठ्यांचे वंशज मानतात. इतिहासकारांत यावर एकमत नाही. मलिद्याच्या बाबतीत मात्र वाद घालायचं कारण नाही.

ही पिकं मागे पडली याचा दोष शेतकऱ्याच्या माथी मारणं अन्यायाचं आहे. मंडईत गहू आणि परमल यांना हमीभावाने घेणारा ग्राहक ठरलेला असतो, हरभरा-बाजरीला तो तसा नसतो. राज्याने २०२० मध्ये भात सोडून मका, कडधान्य, बाजरी घेणाऱ्याला एकरी ७,००० रुपये द्यायची योजना काढली. सीधी बिजाई म्हणजे रोपणी न करता भात थेट पेरणं, त्यालाही अनुदान आहे. काही जण वळले. पण परमलचं उत्पन्न आणि खात्रीचा ग्राहक यांच्याशी सात हजारांची तुलना केली तर बाकीच्यांचं न वळणंही समजतं.

नैसर्गिक शेतीचा धागा पानिपतला थेट विदर्भाशी जोडतो. तिथल्या सुभाष पाळेकरांनी मांडलेली ‘झिरो बजेट’ पद्धत महाराष्ट्रात अनेकांनी ऐकली आहे. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. उत्तरेत तिचा मोठा प्रचार केला तो आचार्य देवव्रत यांनी. ते मूळचे पानिपत जिल्ह्यातल्या समालखा भागातले, कुरुक्षेत्रच्या गुरुकुलाचे दीर्घकाळ प्राचार्य, नंतर हिमाचल आणि गुजरातचे राज्यपाल. २०२५ च्या सप्टेंबरात महाराष्ट्राच्या राज्यपालपदाचा अतिरिक्त कार्यभारही त्यांच्याकडे आला. गुरुकुलाच्या शेतावर त्यांनी पाळेकरांची पद्धत वापरली. तिचा गाभा जीवामृत: दोनशे लिटर पाण्यात दहा किलो देशी गाईचं शेण, पाच ते दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती, हे दोन-तीन दिवस आंबवून एकरभर शेताला द्यायचं. हे खत नाही, जमिनीतले सूक्ष्मजीव वाढवायचं विरजण आहे, असा पाळेकरांचा दावा.

२०१९ मध्ये राष्ट्रीय कृषी विज्ञान अकादमीने या पद्धतीला शास्त्रीय पुरावा अपुरा आहे, असं स्पष्ट म्हटलं. तरी २०२४ च्या नोव्हेंबरात केंद्राने नैसर्गिक शेतीच्या राष्ट्रीय मोहिमेला २,४८१ कोटी रुपये मंजूर केले. मला दोन्ही बाजूंचं काही पटतं. वनस्पतीचं बहुतेक वजन हवा आणि पाण्यातून येतं हे खरं, पण नत्राचा हिशेब जीवामृताच्या पिंपाने मिटत नाही. गव्हाचं एकरी वीस-बावीस क्विंटल पीक जेवढं नत्र उचलतं तेवढं कुठून तरी यायलाच हवं. आच्छादन, मिश्र पीक आणि बिनविषारी शेत या गोष्टी मात्र निःसंशय फायद्याच्या, आणि त्यातल्या बऱ्याच गोचणीच्या शेतात आधीच होत्या. तिथे चाकवतही राहतो. गिऱ्हाइकाने ‘नैसर्गिक’ हा शिक्का वाचून दुप्पट भावाने बासमती घ्यावा आणि त्याची रोपणी मात्र जूनमध्ये, उपशाच्या पाण्यावर झालेली असावी, हेही शक्य आहे. विष नाही म्हणून पाणी वाचलं असं होत नाही.

शाश्वत जगण्याचा दुसरा धडा पानिपतच्या कापडबाजारात मिळतो. श्रीमंत देशांतल्या लोकांनी टाकून दिलेले लोकरी कोट, स्वेटर, मफलर गठ्ठ्यांनी गुजरातच्या कांडला बंदरात उतरतात आणि पानिपतला येतात. इथल्या गोदामांत बाया जमिनीवर बसून त्यांची रंगवार विभागणी करतात, विळीवर बटणं, चेन, अस्तर कापून काढतात. नंतर यंत्रं कापडाचे तंतू पिंजतात आणि त्याचं पुन्हा सूत होतं. तांबड्यातून तांबडं, निळ्यातून निळं, त्यामुळे नव्याने रंगवायची गरज फारशी पडत नाही, म्हणजे पाणी आणि रसायनं वाचतात. या सुताला शॉडी म्हणतात. त्याच्या घोंगड्या भूकंप-पुराच्या मदतकार्यात जगभर गेल्या. मेघना गुप्ता यांच्या २०१२ च्या ‘अनरॅव्हल’ या माहितीपटात हे कपडे निवडणाऱ्या बाया दूरदेशच्या त्या कोटवाल्यांविषयी तर्क लढवतात. तो प्रत्येकाने पाहावा. पण पिंजण्याची धूळ कामगारांच्या छातीत बसते, आणि शहरातल्या रंगाई कारखान्यांचं सांडपाणी नाल्यातून यमुनेत उतरतं. टाकलेलं कापड वाया गेलं नाही एवढ्याने काम निर्मळ होत नाही. आजीच्या लुगड्याची गोधडी या सगळ्याच्या पुढे आहे, कारण तिच्यात कापड फाडून तंतू करायचा टप्पाच नाही. जुनं कापड जितकं कमी मोडून वापरता येईल तितकी ऊर्जा कमी लागते.

हे सगळं वाचून पंजाब-हरियाणाला नावं ठेवण्याआधी आपल्या उसाकडे पाहावं. महाराष्ट्रात पेरणीखालच्या क्षेत्राच्या चार टक्क्यांच्या आसपास जागेवर असलेला ऊस सिंचनाचं सुमारे दोन-तृतीयांश पाणी पितो, आणि त्यातला बराच सोलापूर-मराठवाड्यासारख्या कमी पावसाच्या भागात आहे. लातूरच्या माणसाने जिल्ह्यातली साखर खाल्ली तर ती जवळची, पण तिचं पाणी तिथलं म्हणता येईल का? म्हशींचंही तसंच. आपल्याकडचे गोठेवाले हरियाणात जाऊन मुऱ्हा घेऊन येतात. जनावर उमदं आणि दुधाला भारी, पण त्याला हिरवा चारा आणि पाणी भरपूर लागतं. कोरड्या चाऱ्यावर तगणारी पंढरपुरी तेवढं दूध देत नाही. दुष्काळात मात्र तीच गोठ्यात टिकते.

पानिपतात किंवा पुण्यात ताट ठरवताना मैल मोजण्याऐवजी मी पाऊस आणि ऋतू पाहीन. त्यासाठी कुठल्या ॲपची गरज नाही. भोगीच्या भाजीत पावटा, वांगी, गाजर, ओला हरभरा, तीळ, शेंगदाणे आणि बाजूला बाजरीची तीळ लावलेली भाकरी असते. जानेवारीच्या मध्याला आपल्या शिवारात जे निघतं त्याची ही बिनचूक यादी. पानिपतात त्याच आठवड्यात चाकवत, मोहरी, गाजर, मुळा, मेथी, आणि गुऱ्हाळात ताजा गूळ. उरलेलं साठवायचं, त्यासाठी शीतगृहाआधी तेल-मीठ आहे. जी. टी. रोडवर विकलं जाणारं पानिपतचं पचरंगा लोणचं प्रसिद्धच आहे, त्यात कैरी, हरभरे, कमळकाकडी अशा गोष्टी मोहरीच्या तेलात बुडवलेल्या असतात.

तांदूळ मग खायचाच नाही का? खावा, पण पाहून. आजरा घनसाळ किंवा मुळशी-मावळचा आंबेमोहोर सह्याद्रीच्या पावसावर येतो, मुंबई-पुण्याला तो जवळचाच. बासमतीही वाईट नाही. कर्नाल-पानिपतच्या पट्ट्यात तो परमलच्या आधीपासूनचा आहे आणि त्याची रोपणी बहुधा जुलैत, पावसाबरोबर होते. २०१३ मध्ये आलेला पुसा बासमती १५०९ तर सुमारे ११५ ते १२० दिवसांत तयार होतो, जुन्या लांब मुदतीच्या जातींपेक्षा महिनाभर लवकर. त्यामुळे दोन-चार पाळ्या पाणी वाचतं आणि पेंढा काढून गहू पेरायला सवडही उरते. पुढच्या वेळी वाण्याकडे बासमती घेताना जात कोणती, एवढं विचारून पाहायला हरकत नाही. निम्म्या वाण्यांना ते माहीत असतं, आणि कधी कधी गोणीवर छापलेलंही असतं.